तरुणांपर्यंत चालत गेलेले डॉन बॉस्को

मुंबई, ३० जानेवारी : डॉन बॉस्को हे नाव भारतात बहुतेकांना शाळेच्या फाटकावरील पाटीमुळे परिचित असते. माटुंगा, कुर्ला, पणजी, शिलाँग अशा अनेक ठिकाणी या नावाच्या शाळा किंवा तंत्रप्रशिक्षण संस्था आहेत. तेथे शिकलेल्यांत सर्व धर्मांचे लोक आढळतात. मात्र पाटीवरचा हा माणूस कोण होता, हे सांगता येणारे थोडेच. नावातील डॉन हा शब्द इटलीमध्ये धर्मगुरूच्या नावाआधी आदराने लावला जातो; मुंबईच्या बोलीत त्याला चिकटलेल्या अर्थाशी त्याचा काहीही संबंध नाही. उद्या, ३१ जानेवारी रोजी, या इटालियन धर्मगुरूंची पुण्यतिथी. १८८८ साली याच दिवशी पहाटे तुरीन शहरात वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तरुण पिढी चर्चपासून दूर जात आहे, ही चिंता आजची नाही. डॉन बॉस्को यांच्या काळातील तुरीनमध्येही ती होती आणि तिच्यावरचे सर्वमान्य उत्तर म्हणजे तरुणांना दोष देणे हे होते. डॉन बॉस्को यांनी हा प्रश्न उलटा करून पाहिला. तरुण चर्चमध्ये का येत नाहीत, असे विचारण्याऐवजी रविवारी ते कुठे असतात आणि आठवडाभर कुठे राबतात, हे ते पाहू लागले. त्यांच्या आयुष्याची पुढची सत्तेचाळीस वर्षे या शोधातून घडत गेली.

बेक्कीचा शेतकरी मुलगा

जोव्हानी बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी पिडमाँट प्रांतातील कास्तेलनुओवो गावाजवळच्या बेक्की या वाडीत झाला. वडील फ्रान्सेस्को शेतकरी होते. मुलगा दोन वर्षांचाही झाला नव्हता, तोच १८१७ मध्ये न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. त्या वर्षी पिडमाँटमध्ये दुष्काळ होता. सासू, सावत्र मुलगा आणि स्वतःचे दोन लहान मुलगे असा संसार आई मार्गेरिता यांनी एकटीने ओढला. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. पण प्रार्थना, कष्ट आणि दारी आलेल्याला रिकाम्या हाताने न पाठवणे, हे त्यांनी मुलांच्या अंगी बाणवले.

जोव्हानीला शिकायचे होते. सावत्र भाऊ आंतोनियो याला ते मान्य नव्हते. शेतावर राबणाऱ्या हातांना पुस्तकांची गरज काय, असे त्याला वाटे. घरातील कलह टाळण्यासाठी आईने बारा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून पाठवले. सुमारे दोन वर्षे तो तिथे राबला. पुढे एका वृद्ध धर्मगुरूंनी त्याला लॅटिन शिकवायला घेतले. परंतु १८३० मध्ये तेही अचानक वारले. शिक्षणाची वाट पुन्हा बंद झाली.

याच काळात एक वेगळी विद्या त्याने आत्मसात केली. जत्रेत येणाऱ्या डोंबारी आणि जादूगारांचे खेळ निरखून तो दोरीवर चालायला, कोलांट्या मारायला आणि हातचलाखी करायला शिकला. गावातील मुले खेळ पाहायला जमत. खेळ पाहण्याची किंमत एवढीच असे, की आधी सर्वांनी मिळून प्रार्थना म्हणायची आणि सकाळी चर्चमध्ये ऐकलेले प्रवचन त्याच्याकडून पुन्हा ऐकायचे. आधी मुलांच्या आवडीच्या जागी पोहोचावे आणि मग आपले म्हणणे सांगावे, ही त्यांची पुढील आयुष्यातील रीत इथेच दिसते.

वयाच्या सोळाव्या वर्षी तो किएरी या गावातील शाळेत दाखल झाला. आपल्याहून बऱ्याच लहान मुलांच्या शेजारी बसून त्याने अभ्यास केला आणि खर्च भागवण्यासाठी एका कॉफीगृहात काम केले. शिवणकामाचीही तोंडओळख त्याला याच वर्षांत झाली. १८३२ मध्ये त्याने वर्गमित्रांचे एक मंडळ काढले आणि त्याला आनंदाचे मंडळ असे नाव दिले. त्याचे नियम थोडे होते : ख्रिस्ती माणसाला न शोभणारे काही बोलायचे वा करायचे नाही, आपली कर्तव्ये चोख पार पाडायची आणि उदास राहायचे नाही.

तुरुंगातून दिसलेले शहर

सेमिनरीतील सहा वर्षांच्या अध्ययनानंतर ५ जून १८४१ रोजी बॉस्को यांना तुरीनमध्ये गुरुदीक्षा मिळाली. श्रीमंत घरात शिक्षक होण्याची किंवा एखाद्या पॅरिशमध्ये स्थिर होण्याची संधी त्यांना होती. त्यांचे मार्गदर्शक जुझेप्पे काफास्सो यांनी त्यांना आणखी काही काळ शिकण्याचा सल्ला दिला आणि स्वतःबरोबर शहरातील तुरुंगांत नेले.

तुरीन तेव्हा वेगाने वाढत होते. नवी घरे, नवे रस्ते उभे राहत होते आणि बांधकामासाठी डोंगराळ भागातून शेकडो मुले शहरात येत होती. कोणी गवंड्याच्या हाताखाली विटा वाहत असे, कोणी धुराडी साफ करत असे, तर कोणी बाजारात हमाली करत असे. घर दूर, मालक कठोर, रविवारी हातात थोडे पैसे आणि जायला जागा नाही, अशी त्यांची स्थिती होती. तुरुंगात डॉन बॉस्को यांना दिसले ते याच मुलांचे पुढचे रूप. त्यांतील बरेच सुटून जात आणि पुन्हा तिथेच परत येत. बाहेर आपुलकीने विचारणारे एखादे माणूस असते तर यातील किती जण इथे आले असते, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला.

८ डिसेंबर १८४१ या दिवसाची हकिकत त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. मिस्सेची तयारी करत असताना चर्चच्या वस्त्रखोलीत एक पोरगा घुटमळत होता. चर्चच्या सेवकाने त्याला मिस्सेत मदत करायला सांगितले. ते येत नाही म्हटल्यावर काठीने मारून हाकलले. डॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावून घेतले. त्याचे नाव बार्तोलोमेओ गारेल्ली, वय सोळा, आईवडील नाहीत, कामाने गवंडी. वाचता येत नाही, गाता येत नाही, प्रार्थना येत नाहीत, अशी नकारांची मालिका संपेना, तेव्हा डॉन बॉस्को यांनी त्याला शिट्टी वाजवता येते का, असे विचारले. पोरगा हसला. त्या हसण्यापासून धर्मशिक्षणाचा पहिला धडा सुरू झाला. पुढच्या रविवारी तो आणखी काही मुलांना घेऊन आला.

या मेळाव्याला ऑरेटरी असे नाव पडले. मूळ अर्थ प्रार्थनेची जागा. डॉन बॉस्को यांच्या हाती या शब्दाचा अर्थ विस्तारला. रविवारी सकाळी मिस्सा, मग खेळ, गाणी, शहराबाहेर फेरी, दुपारी धर्मशिक्षण आणि संध्याकाळी निरोप असा दिवस जाई. सोमवारपासून शनिवारपर्यंत ते स्वतः मुलांना भेटायला बांधकामांवर आणि कारखान्यांत जात. चर्चच्या दारातच थांबून वाट पाहणे त्यांना मंजूर नव्हते.

जागेसाठी वणवण

मुलांची संख्या शेकड्यांत गेली, तशा तक्रारी वाढल्या. गोंगाट, धावपळ, फाटक्या कपड्यांतील पोरांची गर्दी कोणालाच शेजारी नको होती. १८४४ पासून दीड वर्ष ही ऑरेटरी एका जागेवरून दुसरीकडे फिरत राहिली. बारोलो घराण्यातील दानशूर मार्क्विसबाईंच्या संस्थेतील खोल्या, एका दफनभूमीचे चर्च, पिठाच्या गिरण्यांजवळील प्रार्थनास्थळ, भाड्याच्या तीन खोल्या आणि शेवटी उघडे माळरान. तिथूनही गवताची मुळेसुद्धा तुडवली जातात म्हणून बाहेर पडण्याची नोटीस मिळाली. शहराचे प्रशासन पाहणारे मार्क्विस मिकेले काव्हूर यांना एवढ्या तरुणांचा जमाव राजकीयदृष्ट्या धोक्याचा वाटत होता आणि पोलिसांची नजर त्यावर होती. राजा कार्लो आल्बेर्तो यांच्या सहानुभूतीमुळे बंदी टळली.

सहकारी धर्मगुरूंनाही हे वेड वाटू लागले. डॉन बॉस्को यांच्या आठवणींनुसार, दोन धर्मगुरू त्यांना वेड्यांच्या इस्पितळात नेण्यासाठी बंद घोडागाडी घेऊन आले. त्यांनी मोठ्या अदबीने पाहुण्यांना आधी गाडीत बसवले, दार लावले आणि गाडीवानाला निघायला सांगितले. इस्पितळात पोहोचले ते दोघेच.

अखेर १२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, शहराच्या कडेला असलेल्या वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या गृहस्थांच्या बुटक्या शेडमध्ये ऑरेटरी स्थिरावली. उंची पुरावी म्हणून जमीन खणून खाली घ्यावी लागली. त्याच जुलैमध्ये डॉन बॉस्को अतिश्रमाने कोसळले आणि मरणाच्या दारात पोहोचले. त्यांच्यासाठी गवंडी मुलांनी उन्हात काम करत उपवास केले आणि आळीपाळीने चर्चमध्ये प्रार्थना केल्या. ते बरे झाले. ज्यांच्यासाठी आपण झिजतो ते आपल्यासाठीही झिजू शकतात, याची जाणीव त्यांना या आजारपणात झाली.

विश्रांतीनंतर ३ नोव्हेंबर १८४६ रोजी ते आईला सोबत घेऊन पायी तुरीनला परतले. मार्गेरिताबाई तेव्हा ५८ वर्षांच्या होत्या. पुढील दहा वर्षे, मृत्यूपर्यंत, त्या वाल्दोक्कोच्या आई झाल्या. त्यांच्या लग्नातील कापडाची वेदीसाठी वस्त्रे झाली. १८४७ च्या मे महिन्यात एका पावसाळी रात्री भिजलेला अनाथ मुलगा दारात उभा राहिला, तेव्हा त्यांनी त्याला स्वयंपाकघरात अंथरूण करून दिले. याआधी आश्रय दिलेल्या मुलांनी पांघरुणे पळवून नेली होती, तरीही दार बंद झाले नाही. त्या रात्रीपासून वसतिगृहाची सुरुवात झाली.

प्रार्थनेबरोबर करारपत्र

डॉन बॉस्को यांचा मोठेपणा केवळ मायेपुरता नव्हता. तरुणाची अडचण ज्या स्वरूपात असेल, त्याच स्वरूपात तिचे उत्तर ते शोधत. दिवसभर राबणाऱ्यांसाठी त्यांनी रात्रीचे वर्ग काढले. १८५० च्या आरंभापासून पिडमाँटमध्ये दशमान मापे लागू होणार होती. बाजारात गोंधळ होऊ नये म्हणून त्यांनी आदल्याच वर्षी सोप्या भाषेत पुस्तिका लिहिली आणि मापांवरील छोट्या नाटुकल्याही मुलांकडून बसवून घेतल्या. १८५० मध्येच त्यांनी मुलांचे परस्पर साहाय्य मंडळ उभे केले. दर रविवारी प्रत्येकाने एक लहानसे नाणे टाकायचे आणि जो आजारी किंवा बेकार होईल त्याला त्यातून मदत मिळायची. हे पैसे मुलांचेच होते, हे महत्त्वाचे.

१८५१ आणि १८५२ मधील शिकाऊ कामगारांचे करार तर आजही वाचण्यासारखे आहेत. मालक, मुलगा आणि डॉन बॉस्को यांच्या सह्यांनी झालेल्या या लेखी करारांत मालकावर स्पष्ट बंधने होती. मुलाला धंदाच शिकवायचा, घरकामाला जुंपायचे नाही. चूक झाली तर शब्दांनी समजवायचे, मारायचे नाही. रविवार मोकळा ठेवायचा. वर्षाकाठी पंधरा दिवसांची सुटी द्यायची आणि कामात प्रगती होईल तशी मजुरी वाढवायची. कामगार कायदे जवळजवळ नव्हते, त्या काळात एका धर्मगुरूने केलेले हे काम होते. तरीही बाहेरच्या कारखान्यांतील वातावरणाची काळजी राहिलीच. म्हणून १८५३ पासून त्यांनी वाल्दोक्कोमध्येच चांभारकाम आणि शिवणकामाचे वर्ग सुरू केले. पुढे पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई आणि लोहारकाम यांची भर पडली.

जबाबदारी सोपवण्याचे धाडस

डॉन बॉस्को यांचे वेगळेपण सर्वाधिक दिसते ते तरुणांवर टाकलेल्या विश्वासात. मदतीला आलेल्या प्रौढांचा अनुभव फारसा चांगला नव्हता. १८४८ च्या क्रांतिकारी वातावरणात काही सहकाऱ्यांना ऑरेटरीतील मुलांना राजकीय मिरवणुकांत उतरवायचे होते. डॉन बॉस्को यांनी नकार दिला आणि अनेक सहकारी सोडून गेले. त्यांच्या या राजकारणापासून दूर राहण्यावर तेव्हा टीका झाली आणि पुढील अभ्यासकांतही त्याविषयी मतभेद आहेत. एवढे खरे, की त्यानंतर त्यांनी मदतनीस बाहेर शोधण्याऐवजी आपल्याच मुलांतून घडवायला सुरुवात केली.

१८५४ च्या उन्हाळ्यात तुरीनमध्ये कॉलऱ्याची साथ आली. वाल्दोक्कोच्या आसपासच्या वस्तीत तिचा जोर मोठा होता. घरातील माणसेही रुग्णाला सोडून पळत होती. अशा वेळी ऑरेटरीतील ४४ मुले रुग्णांच्या शुश्रूषेसाठी पुढे आली. डॉन बॉस्को यांनी त्यांना स्वच्छतेचे नियम घालून दिले आणि मार्गेरिताबाईंनी चादरी, टॉवेल, अखेर वेदीवरील कापडही रुग्णांसाठी दिले. एकाही मुलाला रोगाची बाधा झाली नाही. कालपर्यंत ज्यांना शहर उपद्रवी समजत होते, त्यांच्याकडे नागरिक वेगळ्या नजरेने पाहू लागले.

१८ डिसेंबर १८५९ रोजी डॉन बॉस्को यांच्या खोलीत अठरा जण जमले आणि सालेशियन संघाची औपचारिक स्थापना झाली. संत फ्रान्सिस दी सेल्स यांच्या सौम्य स्वभावावरून हे नाव घेतले होते. त्या खोलीत स्वतः डॉन बॉस्को आणि आणखी एक वयस्क धर्मगुरू सोडले, तर बाकीचे बहुतेक सारे विशीच्या आसपासचे होते. आध्यात्मिक संचालकपदी निवडले गेलेले मिकेले रुआ २२ वर्षांचे होते आणि जोव्हानी काल्येरो २१ वर्षांचे. धार्मिक संघांवर सरकारची वक्रदृष्टी असल्याने, सदस्यांचे नागरी हक्क आणि मालमत्ता अबाधित राहतील अशी या संघाची रचना करण्यात आली. चर्चविरोधी धोरणांसाठी ओळखले जाणारे मंत्री उर्बानो रात्तात्सी यांनीच हा मार्ग सुचवला होता, हा इतिहासातील एक मजेशीर भाग.

मुलींसाठी असेच काम मोर्नेझे गावात मारिया मात्सारेल्लो यांनी शिवणवर्गाच्या रूपाने आधीच सुरू केले होते. त्यांच्या सहकार्याने १८७२ मध्ये भगिनींचा संघ स्थापन झाला. १८७५ च्या नोव्हेंबरात काल्येरो यांच्या नेतृत्वाखाली दहा सालेशियन अर्जेंटिनाला रवाना झाले. त्यांचे पहिले काम तेथील इटालियन स्थलांतरितांमध्ये होते. घर सोडून परमुलखात राबणारा तरुण हाच पुन्हा त्यांच्यासमोर होता.

वाद, मर्यादा आणि एक अस्वस्थ पत्र

हा प्रवास निर्वेध नव्हता. तुरीनचे आर्चबिशप गास्ताल्दी एकेकाळचे पाठीराखे होते. पण या तरुण सदस्यांना पुरेसे प्रशिक्षण न देता कामाला जुंपले जाते, हा त्यांचा आक्षेप होता. तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. डॉन बॉस्को यांची पद्धत काम करता करता शिकण्याची होती, तर आर्चबिशपांचा आग्रह शिस्तबद्ध तयारीचा. हा कटू संघर्ष दहा वर्षांहून अधिक काळ चालला. डॉन बॉस्को आपल्या काळाचेही अपत्य होते. प्रोटेस्टंट पंथीयांविरुद्धचे त्यांचे लेखन आजच्या वाचकाला कठोर वाटते आणि मृत्यू, पाप, शिक्षा यांचे भय त्यांच्या प्रवचनांत वारंवार येते.

तरी शिक्षेच्या बाबतीत ते काळाच्या पुढे होते. १८७७ मध्ये त्यांनी आपली शिक्षणपद्धती थोडक्यात लिहून काढली. चूक होण्याची वाट पाहून शिक्षा करण्यापेक्षा, चूक होऊ नये म्हणून मुलांच्या सोबत असावे, हे तिचे सार. विवेक, धर्म आणि जिव्हाळा या तीन आधारांवर ती उभी आहे.

उतारवयात या पद्धतीलाच तडा जाताना त्यांना दिसला. १० मे १८८४ रोजी रोमहून त्यांनी वाल्दोक्कोच्या घराला पत्र लिहिले. स्वप्नाच्या रूपात त्यांनी दोन अंगणे उभी केली. जुन्या अंगणात शिक्षक आणि मुले एकत्र धावत, हसत होती. नव्या अंगणात मुले कोपऱ्याकोपऱ्यात उदास उभी होती आणि शिक्षक आपसांत बोलत दुरून नजर ठेवत होते. इमारती मोठ्या झाल्या होत्या, नियम पाळले जात होते, पण मुलांना विश्वास वाटत नव्हता. मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही, ते त्यांना जाणवलेही पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. यशस्वी संस्थेच्या संस्थापकाने स्वतःच्याच घरावर इतक्या स्पष्टपणे ठेवलेला ठपका विरळाच.

अर्ध्या हाताची गोष्ट

मिकेले रुआ आठ वर्षांचे असताना पहिल्यांदा डॉन बॉस्को यांना भेटले. वडील नुकतेच वारले होते. सालेशियन परंपरेत एक आठवण सांगितली जाते. डॉन बॉस्को मुलांना पदके वाटत होते आणि मिकेले यांच्यापर्यंत येताना ती संपली. तेव्हा त्यांनी आपला डावा तळहात उजव्या हाताने मधोमध कापून अर्धा त्या मुलाला देत असल्याची खूण केली. तिचा अर्थ त्या वयात मुलाला कळला नाही. पुढे आपण दोघे सारे काही निम्मे निम्मे वाटून घेऊ, असा तो होता.

१८८८ मध्ये डॉन बॉस्को गेल्यावर संघाची धुरा याच रुआंकडे आली आणि १९१० मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी ती वाहिली. त्यांच्याच कारकिर्दीत, १९०६ साली, पहिले सालेशियन तंजावरला पोहोचले आणि भारतातील कामाला सुरुवात झाली. १९२२ मध्ये शिलाँग आणि १९२८ मध्ये मुंबई येथे ते आले. १ एप्रिल १९३४ रोजी डॉन बॉस्को यांना संत घोषित करण्यात आले.

तरुण येत नाहीत म्हणून आज अनेक चर्च आपल्या उपासनेतील संगीत, वेळ आणि भाषा बदलून पाहतात. डॉन बॉस्को यांनीही गाणी, खेळ, सहली यांचा मुक्त वापर केला. पण त्यावर ते थांबले नाहीत. तरुणाच्या मजुरीची आणि सुटीची चौकशी त्यांनी केली, आजाऱ्याची खाट त्याच्या भरवशावर सोडली आणि अखेरीस आपला संघच त्याच्या हवाली केला. त्या मुलांच्या लेखी चर्च हे दुसऱ्यांचे घर राहिले नाही. पदक न मिळालेल्या मुलाला अर्धा हात देऊ करणाऱ्या त्या खुणेत जे वचन होते, ते त्यांनी पाळले.